कानाचं मशीन आणि कॉम्प्युटरमधलं मंगल कार्यालय: व्हर्च्युअल अकूस्टिक टेस्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. क्लिनिकमधे आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. प्रोग्रामर नाहीये मी, त्यामुळे कॉम्प्युटरवाल्यांनी शब्दांवरून भांडू नका.

हे व्हर्च्युअल अकूस्टिक सिम्युलेशन म्हणजे नक्की काय भानगड आहे?

तुम्ही माझ्याकडे शांत खोलीत खुर्चीवर बसलेले असता, पण कानाला नाहीतर मशीनच्या माइकला वाटतं की आपण हॉटेलात बसलोय, समोर सून बोलतेय, डावीकडच्या टेबलावर चार जण खिदळतायत, मागे कुणीतरी ताटल्या आपटतंय आणि डोक्यावर पंखा घरघरतोय. कुठला आवाज कुठून येतो, किती लांबून येतो, भिंतीवर आपटून किती घुमतो, हे सगळं कॉम्प्युटर गणिताने तयार करतो. आणि यातली खरी गंमत म्हणजे तोच गोंगाट उद्या, परवा, दुसऱ्या मशीनला, दुसऱ्या पेशंटला जसाच्या तसा परत देता येतो. खऱ्या हॉटेलात हे कसं जमणार, तिथे दर मिनिटाला वेगळा कालवा.

साउंडप्रूफ बूथमधे टेस्ट झाली, ऑडिओग्राम हातात आहे, मग अजून हे कशाला?

ऑडिओग्राम काय सांगतो, तर साधारण २५० ते ८००० हर्ट्झमधला कुठला सूर किती हळू असला तरी तुम्हाला ऐकू येतो. बीप आली की बटण दाबा. त्याच्याशिवाय मशीन सेटच होत नाही, पण घरी बीपशी गप्पा कोण मारतं? "ऐकू येतं हो, पण कळत नाही" ही तक्रार मी रोज ऐकते आणि ती बहुतेक वेळा गोंगाटातली असते. दोन माणसांचे ऑडिओग्राम एकावर एक ठेवले तर डिट्टो सारखे असतात, पण एक काका लग्नात आरामात गप्पा मारतात आणि दुसरे काका कोपऱ्यात मोबाइल बघत बसतात.

म्हणून गोंगाटात वाक्यं ऐकवायची, गोंगाट कमी-जास्त करत जायचं आणि निम्मे शब्द बरोबर येतात तो पॉइंट शोधायचा. जर्मनीत ओल्डेनबर्गची वाक्यांची टेस्ट आहे, पाच-पाच शब्दांची वाक्यं असतात, त्यात चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाला बोलणं गोंगाटापेक्षा सुमारे ७ डेसिबल हळू असलं तरी निम्मे शब्द कळतात. आणि त्या पॉइंटपाशी फक्त १ डेसिबलचा फरक पडला तरी कळणारे शब्द साधारण १७ टक्क्यांनी वरखाली होतात. म्हणजे "दोनच डेसिबल सुधारलं" असं कुणी नाराजीने सांगितलं तर नाराज होऊ नका, दोन डेसिबल म्हणजे चर्चेत भाग घेणं आणि नुसती मान हलवणं यातला फरक असू शकतो.

साध्या हेडफोनमधून आवाज मागून किंवा बाजूने आल्यासारखा कसा वाटतो?

उजवीकडून आवाज आला तर तो उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात नंतर, मोठ्यांच्या डोक्याला हा फरक जास्तीत जास्त ०.६५ मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे काहीच नाही, पण मेंदू तेवढाही पकडतो. शिवाय बारीक, तीक्ष्ण आवाजांना डोकं आडवं येतं त्यामुळे पलीकडच्या कानात ते दबून पोचतात. लॉर्ड रेली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मधेच हे दोन्ही मांडून ठेवलंय. पण समोर का मागे, वर का खाली, हे या दोन गोष्टींवरून नाही कळत, ते कळतं कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे, आवाज कुठून येतो त्याप्रमाणे त्या वळ्या त्याचा पोत बदलतात.

हे सगळं मिळून जे होतं त्याला एचआरटीएफ म्हणतात, मी पेशंटना "डोक्याची सही" म्हणून सांगते. ती मोजायची म्हणजे कानात छोटे माइक घालून चारी बाजूंनी, वरून खालून स्पीकर वाजवायचे. मग कुठल्याही कोरड्या, म्हणजे न घुमणाऱ्या रेकॉर्डिंगवर ती सही मारली की हेडफोनमधे आवाज त्या दिशेने आल्यासारखा वाटतो. १९९४ मधे एमआयटीवाल्यांनी केमार नावाच्या पुतळ्यावर ७१० जागांवरून हे मोजून सगळ्यांसाठी खुलं केलं, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने ४५ लोकांचं केलं. प्रत्येकाची सही वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याची वापरली की काही जणांना समोरचा आवाज मागून येतो असं वाटतं, काहींना डोक्याच्या आतच वाजतो. एक काका तर टेस्ट चालू असताना वळून मागे बघत होते, मागे फक्त कपाट.

केमार म्हणजे तो बिनचेहऱ्याचा पुतळा का?

हो तोच, डोकं आणि छाती असलेला. अमेरिकेतल्या नोल्स कंपनीने १९७२ मधे काढला, सरासरी मोठ्या माणसाच्या मापाचा, रबराचे कान, आणि कानाच्या आत पडद्याच्या जागी माइक आणि कानाच्या पोकळीची नक्कल. त्याला खरं मशीन घालायचं, भोवती गोंगाट वाजवायचा आणि पडद्यापाशी काय पोचलं ते रेकॉर्ड करायचं. कंटाळत नाही, चहा मागत नाही, हजार वेळा केलं तरी तसाच बसतो. नवीन मशीन माणसाच्या कानात जायच्या आधी अशाच एखाद्या पुतळ्याच्या कानात बरेच तास काढून आलेलं असतं.

पण कानात मशीन असताना वर हेडफोन कसे लावणार?

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत, या सगळ्यातली अवघड गोष्ट हीच आहे. कानामागच्या मशीनचा माइक कानाच्या वर असतो, पाळीच्या वळ्यांचा फायदा त्याला मिळतच नाही, आणि एका मशीनवर दोन माइक असतात, जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर, त्या दोघांतल्या फरकावरूनच मशीन ठरवतं की समोरचं घ्यायचं आणि मागचं दाबायचं. वर हेडफोन चढवला की माइकला दिशा वगैरे काही कळत नाही, शिवाय शिट्टी वाजते ती वेगळीच.

मग तीन रस्ते आहेत. एक, स्पीकरचं कडं करून मधे पेशंटला बसवायचं, स्वतःचं मशीन घालूनच. दुसरा, पुतळ्याला मशीन घालून रेकॉर्डिंग करायचं आणि ते ऐकवायचं किंवा आकड्यांत मोजायचं. तिसरा मला सगळ्यात आवडतो, एचआरटीएफ कानाच्या भोकाशी मोजायच्या ऐवजी थेट मशीनच्या माइकच्या जागी मोजायचं आणि मशीनसुद्धा सॉफ्टवेअरमधे बनवायचं. ओल्डेनबर्ग विद्यापीठाने २००९ मधे असा डेटाबेस दिला, पुतळ्याच्या दोन्ही कानांमागे तीन-तीन माइकवाली मशीनं आणि कानात एक-एक माइक, असे आठ चॅनल, आणि ऑफिस, कॅफेटेरिया, अंगण अशा खऱ्या जागांमधे घेतलेली मापं. त्यावर सॉफ्टवेअरमधलं मशीन चालवायचं आणि शेवटी जे निघेल ते पेशंटला हेडफोनवर द्यायचं, त्याचं स्वतःचं मशीन तेवढा वेळ काढून ठेवायचं.

एक चूक बऱ्याच ठिकाणी दिसते म्हणून सांगते, गोंगाटाची फाइल ब्लूटूथने सरळ मशीनमधे सोडतात आणि म्हणतात बघा किती क्लिअर. अहो त्यात माइक वापरलाच गेला नाही! दिशा ओळखणं वगैरे ज्याचे पैसे मोजले ते काही तपासलंच नाही.

किती स्पीकर लागतात?

कशासाठी यावर आहे. समोर बोलणं आणि बाजूला गोंगाट एवढंच हवं तर तीन-चार पुरतात. पण आवाज सगळीकडून गुंडाळल्यासारखा हवा असेल तर एम्बिसॉनिक्स नावाची पद्धत वापरतात, १९७० च्या दशकात मायकेल गेर्झन या इंग्रज माणसाने मांडलेली. त्यात दिशा किती बारकाईने मांडायची याला ऑर्डर म्हणतात, जेवढी ऑर्डर त्यात एक मिळवून वर्ग करायचा, कमीत कमी तेवढे स्पीकर. पहिल्या ऑर्डरला ४, तिसऱ्याला १६, सातव्याला ६४. ऑर्डर कमी असली की बारीक आवाजांची दिशा फक्त मधल्या छोट्याशा जागेत बरोबर येते, डोकं इकडेतिकडे सरकलं की गडबड, आणि त्यातही दोन माइकवाल्या मशीनला आपल्या कानापेक्षा जास्त नखरे असतात, आपल्याला खरं वाटणारा आवाज मशीनला खरा वाटेलच असं नाही.

कॉम्प्युटर खोली कशी काय बनवतो?

भिंत म्हणजे आवाजाचा आरसा समजा. आरशात जशी आपली प्रतिमा पलीकडे दिसते तशी प्रत्येक भिंतीपलीकडे बोलणाऱ्याची एक प्रतिमा उभी करायची, मग त्या प्रतिमांच्या प्रतिमा, आणि प्रत्येकाचा आवाज किती उशिरा आणि किती हळू पोचेल ते मोजत जायचं. ॲलन आणि बर्कली यांनी १९७९ मधे चौकोनी खोलीसाठी हे कॉम्प्युटरवर करून दाखवलं, आजही बरीच सॉफ्टवेअरं आत हेच करतात, नंतरच्या घुमणाऱ्या शेपटासाठी किरणं सोडून बघतात.

आपल्या घरांचा यात मोठा प्रश्न आहे, आणि इथे जरा वेळ घेते कारण पेशंटना हे कुणी सांगत नाही. आवाज किती वेळ घुमत राहतो याचं सेबिनचं सूत्र आहे, ०.१६१ गुणिले खोलीचं घनफळ, भागिले एकूण शोषण, म्हणजे सगळ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले सरासरी शोषण. आता ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली घ्या. घनफळ ३६, आणि भिंती-फरशी-छत मिळून ६६ चौरस मीटर. टाइल्सची फरशी, प्लास्टरच्या भिंती, एक दिवाण, पातळ पडदे, सरासरी शोषण ०.१ धरलं तर जवळजवळ ०.९ सेकंद. तीच खोली गालिचा, जाड पडदे, सोफे, पुस्तकांच्या कपाटांनी भरून शोषण ०.३ वर नेलं तर ०.३ सेकंदाच्याही खाली. युरोपातल्या दिवाणखान्याचं सिम्युलेशन करून मशीन छान सेट झालं आणि सदाशिव पेठेतल्या मोझॅकच्या खोलीत आजी म्हणतात "सगळं घुमतंय", तर आजी खोटं बोलत नाहीयेत.

मंगल कार्यालयाचं तर विचारूच नका. समजा १५०० घनमीटरचा हॉल आणि अडीच सेकंद घुमणं, तर गणिताने बोलणाऱ्यापासून साधारण १.४ मीटरच्या पुढे गेलात की थेट आवाजापेक्षा घुमलेला आवाजच जास्त. घुमलेला आवाज सगळ्या बाजूंनी येतो, मग मशीनचे दिशावाले माइक कुणाला दाबणार? म्हणून मी सांगते की कार्यालयात ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या हाताच्या अंतरावर बसा, आणि सनई-चौघडा तुमच्या पाठीमागे येईल अशी खुर्ची पकडा.

मशीन सेट करताना हे नेमकं कधी येतं?

आधी ऑडिओग्राम. मग सूत्राप्रमाणे आवाज किती वाढवायचा ते ठरतं, सिडनीच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल-एनएल२ किंवा कॅनडाचं डीएसएल, ही दोन जास्त चालतात. गंमत म्हणजे एनएएल-एनएल२ विचारतं की भाषा सुरांची आहे का, चिनीसारखी, कारण तशा भाषेला खालचे सूर थोडे जास्त देतं. मराठीला अर्थातच नाही म्हणायचं. मग कानात बारीक नळी घालून खरंच तेवढा आवाज पोचतोय का ते मोजायचं. आणि मग, हे सगळं नीट बसल्यावर, सिम्युलेशन: गोंगाटाचा प्रोग्राम अ चांगला का ब, दोन्ही कानांच्या मशीनचं एकमेकांशी बोलणं चालू ठेवायचं का बंद, कानात बसणारा मोल्ड बंद करायचा का उघडा ठेवायचा. आधी पेशंट आठवणीवर सांगायचे, "मागच्या आठवड्यात बरं वाटत होतं बहुतेक". आता तेच वाक्य, तोच गोंगाट, दोन सेटिंग पाठोपाठ.

म्हणजे ते कानात नळी घालून मोजणं आता नको ना?

नाही नाही नाही. हा गैरसमज कुठून पसरला देव जाणे. सिम्युलेशनमधे सरासरी कान असतो, तुमचा कान सरासरी नाही. लहान बाळाचा कान इतका छोटा असतो की तोच आवाज बारीक सुरांमधे मशीन तपासायच्या ठरावीक मापाच्या डबीतल्यापेक्षा १५-२० डेसिबलपर्यंत जास्त होऊ शकतो, तो न मोजता मशीन लावणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. सिम्युलेशन हे त्याच्या वर, त्याच्याऐवजी नाही. कुणी नळी न घालता नुसता गोंगाटाचा डेमो दाखवून मशीन देत असेल तर उठून या.

आमच्या मुलाला वर्गात ऐकू येत नाही पण ऑडिओग्राम नॉर्मल आहे, त्याला याचा काही उपयोग?

हो, आणि इथे हे तंत्र रिसर्चमधून बाहेर येऊन खरोखर कामाला लागलंय. सिडनीच्याच लॅबमधे शॅरन कॅमेरॉन आणि हार्वी डिलन यांनी लिसन-एस नावाची टेस्ट बनवली. मूल हेडफोन लावून बसतं, वाक्यं समोरून येतात, मधे लुडबूड करणारे आवाज एकदा समोरूनच येतात आणि एकदा दोन्ही बाजूंनी, आणि ते आवाज कधी वाक्यं बोलणाऱ्या त्याच बाईचे, कधी दुसऱ्या बायकांचे. लुडबूड बाजूला गेल्यावर मुलाला किती फायदा झाला हे मोजायचं. फायदा वयाच्या मानाने फारच कमी असेल तर दिशेचा वापर करून गोंगाट बाजूला सारण्यात अडचण आहे असं समजतं, आणि त्यासाठी त्याच लोकांनी कॉम्प्युटरवर खेळायचे सरावसुद्धा बनवले. मशीन लावणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती आहे, मशीन काढून ठेवायचं आणि सॉफ्टवेअरच ऑडिओग्रामप्रमाणे आवाज वाढवून देतं.

अडचण एकच, इंग्रजी आहे, तीही ऑस्ट्रेलियाची नाहीतर अमेरिकेची. मराठी शाळेतल्या मुलाला ती लावून "नापास" ठरवू नका.

मग मराठीत काय? कुठल्याही भाषेत टेस्ट केली तर चालत नाही का?

मशीनची तपासणी असेल तर भाषा फार महत्त्वाची नाही. त्यासाठी आयएसटीएस नावाचा बोलण्यासारखा आवाज आहे, २१ बायकांनी सहा भाषांमधे एकच गोष्ट वाचली, अमेरिकन इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, आणि त्याचे छोटे तुकडे करून परत जोडले. ऐकलं तर कुणीतरी बोलतंय असं वाटतं पण एक अक्षर कळत नाही. असा का, तर साधा एकसुरी फुसफुस आवाज दिला की मशीन त्याला गोंगाट समजून दाबून टाकतं. भारतातली एकही भाषा त्यात नाही, पण मशीन तपासायला चालून जातं.

माणसाची तपासणी असेल तर मातृभाषाच हवी, यावर मी कुणाचं ऐकणार नाही. सोलापूरच्या आजींना इंग्रजी आकडे किंवा पुस्तकी हिंदी वाक्यं गोंगाटात ऐकवली तर आपण कान तपासला का शाळा तपासली? आणि रेकॉर्डिंग मराठी असलं तरी बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजातलं नको, रोजच्या बोलण्याचं हवं. गोंगाटसुद्धा इथला. जर्मन कॅफेटेरियात कुकरची शिट्टी नसते.

कॉक्लिअर इम्प्लांटचा आवाज कसा येतो ते नेटवर ऐकलं, भीतीच वाटली. खरंच तसं ऐकू येतं?

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं यंत्र, आणि नेटवर ऐकलात तो त्याची नक्कल करणारा व्होकोडर असतो. आवाजाच्या पट्ट्या पाडायच्या, प्रत्येक पट्टीतला चढउतार तेवढा ठेवायचा आणि आत खरखर भरायची. १९९५ मधे शॅनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शांततेत अशा फक्त चार पट्ट्या असल्या तरी थोड्या सरावाने बोलणं बऱ्यापैकी कळतं. रिसर्चला, विद्यार्थ्यांना शिकवायला छान आहे. पण ते ऐकून "माझ्या मुलाला हे असं रोबोटसारखं ऐकू येणार" असं धरून बसू नका, जन्मापासून इम्प्लांटनेच ऐकणाऱ्या मुलाला दुसरा आवाज माहीतच नसतो, त्याला आईचा आवाज आईसारखाच वाटतो. ऑपरेशनचा निर्णय यूट्यूबवर बघून पुढे ढकललेले आईबाबा मी बघितलेत, आणि त्या महिन्यांची किंमत मुलाच्या बोलण्याला पडते.

दुकानात गोंगाटाचा डेमो दिला, एकदम भारी वाटलं, घरी आल्यावर फुस्स. फसवलं का?

फसवलं असंच नाही, पण एक प्रश्न विचारायचा होतात: गोंगाट कुठे ठेवला होता? बोलणं बरोबर समोर आणि गोंगाट बरोबर मागे, ही दिशावाल्या माइकची आवडती परिस्थिती, त्यात साधारण मशीनही हिरो दिसतं. गोंगाट दोन्ही बाजूंना ठेवा, चार जणांच्या बोलण्याचा ठेवा, खोली घुमती करा, मग खरं काय ते दिसतं. माझ्याकडे आलेल्या एका काकूंना डेमोमधे एकच स्पीकर मागे ठेवून दाखवलं होतं आणि घरी त्यांची जेवायची जागा अशी की टीव्ही समोर आणि नातू शेजारी, म्हणजे मशीन इमानेइतबारे टीव्ही ऐकवत होतं! खुर्ची बदलली, अर्धी तक्रार गेली.

तरी चांगल्या सिम्युलेशनमधेही काही गोष्टी निसटतात. स्वतःचा आवाज त्यात नसतो, आणि मशीनवाल्यांची पहिली तक्रार तीच असते की माझाच आवाज पिंपातून येतो. लोक बोलताना मान वळवतात, ओठ बघतात, गोंगाटात समोरचाही आवाज चढवतो. तीन तासांच्या बारशानंतर डोकं दुखतं ते दहा मिनिटांच्या टेस्टमधे दिसत नाही.

मोबाइलवर ॲप टाकून घरी करता येईल का?

चाळणी म्हणून ठीक. हेडफोन कुठला, आवाज किती ठेवला, बाहेर रिक्षा गेली का, यावर सगळं फिरतं.

इंजिनिअर आहे, स्वतः खटपट करायची आहे, फुकट काही मिळतं?

भरपूर. ओल्डेनबर्गवाल्यांचंच ओपन एमएचए आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं अख्खं मशीन, आणि टास्कार आहे, त्यात हलती दृश्यं उभी करता येतात, मागून बस गेली, बाजूने माणूस चालत आला वगैरे. दोन्ही ओपन सोर्स. एचआरटीएफच्या फाइल्स सोफा नावाच्या फॉरमॅटमधे मिळतात, बसायचा सोफा नव्हे. आणि इंग्लंडमधली क्लॅरिटी चॅलेंज बघा, त्यात दिवाणखान्यात बोलणारा माणूस आणि घरगुती उपकरणांचा आवाज वगैरे असं मशीनच्या माइकमधून ऐकल्यासारखं बनवून देतात आणि सांगतात, करा साफ. एक विनंती, आउटपुट स्वतःच्या कानावर टाकायच्या आधी लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय, लावा. आणि कुणाच्या तरी आजोबांवर प्रयोग करू नका, ऑडिओलॉजिस्टला बरोबर घ्या.

अपॉइंटमेंटला येताना काय आणायचं?

जुना ऑडिओग्राम, जुनं मशीन, बिघडलेलं असलं तरी. जिथे ऐकायला त्रास होतो अशा दोन-तीन जागा कागदावर काढून आणा, चित्र चांगलं नसलं तरी चालेल, कोण कुठे बसतं, खिडकी कुठे, मिक्सर कुठे, टीव्ही कुठे, फरशी कसली. मी तशीच्या तशी मांडणी स्पीकरवर करून बघते. आणि घरातलं जे माणूस सगळ्यात भराभर बोलतं त्याला बरोबर घेऊन या, बहुतेक वेळा तो नातूच असतो.